पिसांचं पान

सरोजिनी : हे पोहरीच्या मास्तरांचं पत्र ना? दोन वर्षांपूर्वीचं? अहो, याला उत्तर दिलं म्हणाला होतात.

नाना : म्हणालो असेन. द्यायचं होतं. राहिलं.

सरोजिनी : राहिलं! आणि ते पुस्तकाखाली दडवून ठेवलंत.

शरयू : बघू आजोबा. पेन्सिलनं लिहिलंय… ते स्वतः सहरिया आदिवासी आहेत. म्हणतात, तुम्ही तपासलेल्या किताबीत सहरियांच्या डोक्यावर पिसं दाखवलीत आणि ते झाडावर राहतात असं लिहिलंय. 'लड़के हमारे बच्चों से पूछते हैं, तेरे पंख कहाँ हैं?' तीन मुलांनी शाळा सोडली. आजोबा, ही किताब तुम्ही पास केली होती?

नाना : चौथीचं वाचन ते. प्रांतातल्या निरनिराळ्या लोकांचे धडे. लिहिलंय ते खरं की खोटं, एवढं मी बघायचं.

सरोजिनी : बघितलंत की! आपल्या ग्वाल्हेर-लश्करच्या मराठ्याला पुणेरी पगडी घातली म्हणून दोन पानं लिहिलीत. वर शिंदेशाही पगडीचं चित्र काढून पाठवलंत. सणाचं पान वाढलेलं तसंच गार झालं.

नाना : पगडी मला ठाऊक होती गं. सहरिया मी आयुष्यात पाहिला नव्हता.

शरयू : मग त्या पानावर काय लिहिलंत?

नाना : 'ठीक.'

शरयू : बस? इतना ही?

नाना : घाई होती. …नाही, घाई नव्हती. वाटलं, जंगलातले लोक, असतील तसे.

सरोजिनी : आज कशाला काढलंत मग हे?

नाना : मध्य भारत राज्य मोडलं. पहिल्या तारखेपासून नवा प्रदेश, आणि ग्वाल्हेरचं शिक्षणखात्याचं ऑफिस चाललं भोपाळला. जाण्याआधी हेच पुस्तक पुन्हा छापतायत. माझी सही मागवलीय. या खेपेला कितीतरी जास्त शाळांत जाईल.

सरोजिनी : नका करू सही. प्रकृती बरी नाही म्हणावं.

नाना : मग दुसरा कुणी करील. माझं जुनं 'ठीक' फायलीत आहेच.

शरयू : तर चूक झाली असं लिहा ना.

नाना : विचारतील, दोन वर्षं पत्र दाबून का बसलात? शाळेतली नोकरी संपल्यापासून हे एवढंच काम उरलंय मला. एवढ्यासाठीच कुणी नाव घेतं. आणि खरं काय ते तरी मला कुठं ठाऊक आहे?

शरयू : मागच्या बाजूला लिहिलंय की. घरं एका अंगणाभोवती असतात. मध्ये सगळ्यांचं मिळून एक घर, त्याला बंगला म्हणतात. पाहुणा तिथंच उतरतो. 'आप आकर देखिए, बंगले में ठहराएँगे.' आजोबा! तुम्हाला बोलावलं होतं त्यांनी!

नाना : म्हणून तर उत्तर देववेना. शिव्या घातल्या असत्या, तर त्याच दिवशी दिलं असतं.

सरोजिनी : शरयू, चल आत. त्यांना लिहू दे. आणि अहो, पगडीला दोन पानं लागली होती, लक्षात ठेवा.

(उन्हं कलल्यावर. नाना माधवगंजच्या डाकघरातून परततात.)

सरोजिनी : किती दमलात. बसा आधी. सही?

नाना : नाही केली. लिहिलं, हा धडा काढा आणि पोहरीच्या मास्तरांकडून नवा लिहून घ्या. मला न बघता पास करायची सवय आहे, तेव्हा माझं नाव यादीतून कमी करा, असंही लिहिलं.

सरोजिनी : एवढं कशाला हो लिहायचं?

नाना : असू दे.

शरयू : आणि पोहरीच्या मास्साबना?

नाना : टाकलं. पेटीत बोटं घालून पाहिलं, अडकलं तर नाही ना.

सरोजिनी : दोन पानं झाली?

नाना : चार वेळा फाडलं. शेवटी चार ओळी राहिल्या. ती पिसं चित्रकारानं नाही, मी लावली. त्या तीन मुलांच्या घरी जाऊन हे माझ्या नावानिशी सांगा, म्हणून.

शरयू : और बंगला?

नाना : विचारलंय. अजून आलो तर चालेल का, म्हणून.