ब्याऐंशी नंबरचा खण

नाही हो सिस्टर, आई नाही मी, आत्या — आई बाहेर बाकावर आहे, तिला रक्त बघवत नाही, आणि रिपोर्ट मला कळतो, केमिस्ट्री केलंय मी — कळतो हीच तर पंचाईत आहे. चार वर्षांच्या पोरीच्या रक्तात शिसं कुठून येणार? आमच्या बाबांच्या दुकानातून! खाली दुकान, वर घर, तीस वर्षं झाली, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतायत. लिहा, 'आजोबांचा धंदा' असंच लिहा — कितीदा सांगितलं बंद करा, पण म्हाताऱ्यांना सांगायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी — काय? त्याच कपड्यांत घरात येतात का? नाही... तसे नाही येत. खालीच अंघोळ करतात, नखं ब्रशने घासतात, मगच वर येऊन चिमणीला उचलतात. मीच चिडवायचे, बाबा, तुमची अंघोळ होईपर्यंत पोरगी लग्नाला येईल!

दुकानात? छे, तिला उंबरा ओलांडू देत नाहीत. — तोंडात वस्तू घालते का? सगळीच मुलं घालतात, त्यात काय — थांबा. सांगते. मी तिला मूलद्रव्यं शिकवत होते. आमच्या शाळेत तक्ता भिंतीवर, पाठ करा नि गप्प बसा. म्हटलं, हिच्या हातात खरं तांबं, खरं जस्त देऊ. लाकडी पेटी केली, खणाखणावर आकडे. कार्बनच्या खणात कोळसा, त्याच उभ्या ओळीत खाली कथील, त्याखाली ब्याऐंशी — शिसं. बाबा म्हणाले, तेवढं नको देऊस गं. मी म्हटलं, बारावी नापास माणसाने मला शिकवू नये. तुकडा दुकानातून मीच उचलला, त्यांच्या नकळत. तिला तोच आवडायचा, इवलासा असून जड, कागदावर रेघही उमटते. 'ब्याऐंशी, ब्याऐंशी' करत घरभर हिंडायची — आणि मी कौतुकाने हसायचे.

काल पेटी उघडली. तुकड्यावर दात उमटलेत. बारीक, दुधाचे.

शरीराला ते कॅल्शियम वाटतं, सिस्टर, हाडांत जाऊन बसतं — परीक्षेत लिहिलं होतं मी, पैकीच्या पैकी. हाडांतून परत काढतात कसं, ते नव्हतं विचारलं. तुम्हाला माहितीये? डॉक्टरच सांगतील? बरं.

तो आजोबांचा धंदा खोडा. नाही, राहू दे — म्हणजे खोडा, पण काय लिहायचं... बाबा सकाळपासून दुकानाला कुलूप लावून बसलेत, त्यांना वाटतंय त्यांच्यामुळेच झालं, आणि मी अजून तोंड उघडलेलं नाही —

सिस्टर, आता काही विचारू नका. वहिनी आत येतेय.