मिरचीच्या खोलीत पाच स्पीकर

हेमकांत : वहिनी, दोन मिनिटं तोंडातून अक्षर काढू नका. मशीन खोली ऐकतंय.

शीला : बरं झालं. या घरात कोणीतरी ऐकायला लागलं.

हेमकांत : झालं, गेलं परत. बघा टीव्हीवर काय आलं. 'आवाज जास्त आहे, पुन्हा मोजा.' तुमच्यामुळे.

शीला : त्याच्याआधी तुम्हीच शिंकलात, भाऊ. ते माझ्या नावावर टाकू नका.

हेमकांत : शिंकणार नाही तर काय करणार? दादा गेल्यापासून खोलीत नुसती मिरचीची पोती. भिंतीला हात लावला नि तोच हात डोळ्याला लागला, अर्धा तास पाणी थांबलं नाही.

शीला : पोती होती तोवर कोणाचे डोळे गेले नाहीत. मी मार्केटातून येईपर्यंत तुम्ही ती ओढत ओसरीवर टाकलीत, कोरडा झाडू मारलात, आणि वरून पंखा फुल सोडलात. रनाळ्यात जन्मलेला माणूस मिरचीच्या खोलीत पंखा लावतो का? आधी ओलं फडकं फिरवायचं, दार उघडं टाकायचं, मग झाडू. तुम्ही सगळी भुकटी उडवून छतापर्यंत नेलीत. आता शिंका.

हेमकांत : सुरतला राहून असलं कोणाच्या लक्षात राहतं?

शीला : सुरतला राहून घरचं बोलणंही गेलं तुमचं. मायशीसुद्धा पुस्तकातलं बोलता.

हेमकांत : मग तुम्ही तरी अहिराणीत बोला ना माझ्याशी.

शीला : आज अहिराणीत बोलायला लागले ना, तर तुम्हाला झेपायचं नाही.

हेमकांत : तो काळा खोका हलवू नका. वूफर आहे तो. जागा बघून ठेवलाय.

शीला : माझ्या काट्याची जागा आहे ती. गिऱ्हाईक दारात आलं की उंबऱ्यातून वजन दिसायला पाहिजे, म्हणून काटा तिथे असतो. कुठंय काटा?

हेमकांत : ओसरीवर. पोत्यांच्या मागं.

शीला : मागं की खाली?

हेमकांत : वहिनी, मी काही तोडलं-फोडलं नाही. जरा उचलून ठेवलं. आणि हे मी माझ्यासाठी करतोय का? मायसाठी करतोय. तिला ऐकू येत नाही.

शीला : कोणाला? आत्याबाईंना?

हेमकांत : तुम्हाला एका घरात राहून कळलं नाही ना? फोनवर एक गोष्ट चार वेळा सांगतो तिला. 'ऐकू येत नही रे, ऐकू येत नही,' एवढंच म्हणते, आणि फोन ठेवून देते. म्हणून दुकानात गेलो तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगितली, घरात म्हातारं माणूस आहे, बोलणं साफ ऐकू आलं पाहिजे. तो म्हणाला, मग मधला स्पीकर भारीतला घ्या, सिनेमातलं सगळं बोलणं मधल्यातूनच येतं. आणि रिसिव्हर असा घ्या, की फक्त बोलण्याचा आवाज वेगळा वाढवता येईल. तसा घेतला.

शीला : आत्याबाईंना तीन घरं पलीकडे कुकरची शिट्टी झालेली कळते.

हेमकांत : तुम्ही बोलता कुठे तिच्याशी, म्हणून तुम्हाला असं वाटतं. दिवसभर मिरची, मिरची आणि व्यापारी.

शीला : त्या मिरचीवर आत्याबाईंच्या गोळ्या येतात, भाऊ. तुमचा फोन येतो, तेवढाच येतो.

हेमकांत : झालं तुमचं? मला ते मोजू द्या.

शीला : मोजा. पण एक सांगा. दुकानात एवढ्या तऱ्हेची मशिनं असतील. त्यातनं हेच का काढलं?

हेमकांत : विचारताच आहात तर सांगतो. तो सात स्पीकरचं गळ्यात मारत होता. मी म्हटलं, सात कशाला, पाच आणि एक वूफर पुरे. त्यानं खोलीचं माप विचारलं. मी म्हटलं सोळा बाय बारा. तो म्हणाला, सोळा बाय बाराला पाच बरोबर, सात लावाल तर पैसे वाया. दोन पुढं, एक मधे, दोन दिवाणाच्या मागं. दिवाणावर माय बसेल त्या उंचीला हा माइक ठेवायचा, मग रिसिव्हर एकेका स्पीकरमधून आवाज सोडतो आणि स्वतःच जुळवून घेतो. आपण फक्त गप्प राहायचं. तेवढंच जमत नाही या घरात.

शीला : सोळा बाय बारा.

हेमकांत : हां.

शीला : सोळा बाय बारा ही रिकामी खोली झाली, भाऊ. माझी पोती भिंतीला लावली की दिवाणापुरती जागा उरते. दिवाळीत तुम्ही टेप घेऊन भिंती मोजत होतात. मीच खुर्ची धरली होती तुमची. मला वाटलं, रंग देणार असतील. चहासुद्धा आणून दिला.

हेमकांत : मग काय झालं?

शीला : म्हणजे पोती आज नाही बाहेर टाकलीत. दिवाळीतच टाकलीत. मी चहा देत होते आणि तुम्ही मला खोलीतून काढत होतात.

हेमकांत : तुम्ही प्रत्येक गोष्टीचा असाच अर्थ काढता.

शीला : आणि एवढं महागाचं यंत्र दोन महिन्यांतून एकदा येणाऱ्या पाहुण्यासाठी कोणी घेत नाही. तुम्ही राहायला येताय. खरं की खोटं?

हेमकांत : येतोय. त्यात चोरी आहे का? सुरतचं काम संपलं. मालकानं कारखाना मुलाच्या हातात दिला, मुलानं त्याची माणसं आणली. मी आणि आशा पुढच्या महिन्यात इथे येतोय.

शीला : हे सांगायला तोंड नव्हतं? आधी भिंतीला भोकं पाडायची आणि मग सांगायचं?

हेमकांत : आशा यायलाच तयार नव्हती. रडून घर डोक्यावर घेतलं तिनं. शेवटी म्हणाली, गावात राहायचं तर एक खोली तरी अशी पाहिजे, की दार लावलं तर सुरतमधे असल्यासारखं वाटेल. म्हणून हे सगळं. तिच्यासाठीही आहे, मायसाठीही आहे. खोटं नाही बोललो मी.

शीला : आणि मी कोणत्या खोलीत दार लावून बसू?

हेमकांत : मागची खोली आहे ना. तुम्हाला पुरेल. एकट्याच आहात.

शीला : एकटीच आहे. बरोबर. पण मागच्या खोलीचं दार गोठ्यात उघडतं. अक्कलकुव्याचा व्यापारी म्हशीच्या शेपट्या चुकवत माल बघायला येईल का? आणि फुलवंताबाई तिच्या बायका घेऊन डोंगरातून उतरते, त्या देठ खुडायला कुठं बसतील? आशाच्या सोफ्यावर?

हेमकांत : तेच म्हणतोय. बंद करा आता हे. दादा गेला तेव्हा अडचण होती, केलंत, आम्ही काही बोललो नाही. आता मी येतोय. शेत मी बघेन. घरात सुनेनं पोती ओढावीत, चार परक्या पुरुषांशी भाव करत बसावं, काय शोभतं?

शीला : तुमचे दादा गेले तेव्हा तुम्ही बाराव्याला जेवलात आणि दुपारची गाडी पकडलीत. शोभतं की नाही ते तेव्हा विचारायचं होतं. मी या खोलीत पहिलं पोतं आणलं तेव्हा रात्रभर खोकले, हात आगीसारखे पेटले होते, आणि रडायचं कशानं ते कळत नव्हतं, नवऱ्यामुळे की मिरचीमुळे. आता बायका माझ्याकडे काम मागायला येतात. व्यापारी आधी मला फोन करतो, मग मार्केटला जातो. हे मी सोडणार नाही. मागच्या खोलीतही जाणार नाही.

हेमकांत : घर माझंही आहे.

शीला : मी कुठे म्हटलं नाही म्हणून?

हेमकांत : मग गप्प राहा. आता तरी. मी बटण दाबतोय.

(शीला गप्प राहिली. त्याचं ऐकून नाही. तोंड उघडलं असतं तर शिवी आली असती, आणि ओसरीवर सासू बसली होती. डाव्या स्पीकरमधून टुर्र झालं, मग मधल्या, उजव्या, मग मागच्या दोन्हींतून. शेवटी वूफर असा घुमला की फळीवरचे डबे थरथरले. हेमकांतनं नाक दाबून धरलं होतं.)

हेमकांत : आलं. सगळं बरोबर आलं. बघितलंत? दोन मिनिटं भांडण थांबवलं की कामं होतात. माय! ए माय! आत ये! दिवाणावर बस!

शोभाबाई : वरडस काबर? येस ना मी.

हेमकांत : इथं बस. मधोमध. हां. आता सिनेमा लावतो, तू फक्त बोलणं ऐक. समोरच्या मधल्या खोक्यातून येईल. ऐकू येतंय? माय, ऐकू येतंय का?

शोभाबाई : बंद कर रे ते. मन्हं डोकं दुखाले लागनं.

हेमकांत : आवाज कमी करतो. आता? आता बोलणं साफ येतंय?

शोभाबाई : माले समदं साफ ऐकू येस. पहिलेपासून येस. ओसरीवर बशीसन तुम्हनं दोन्हीस्नं भांडन बी समदं ऐकं.

हेमकांत : मग फोनवर?

शोभाबाई : फोनवर बी येस.

हेमकांत : मग दर वेळी 'ऐकू येत नही' काय म्हणत होतीस? मी वेड्यासारखा डॉक्टर विचारत फिरलो. हे एवढं मशीन घेतलं.

शोभाबाई : तू जे ईचारे, त्याना जबाब माले देना नही व्हता. म्हनीसन बहिरी व्हई जाऊ.

शीला : काय ईचारेत भाऊ, आत्याबाई?

हेमकांत : माय, राहू दे आता.

शोभाबाई : काबर ऱ्हाऊ देऊ? तिले बी ऐकू दे. दर फोनले एकच गोट. शीलाले तिन्हा माहेरले, कोरीटले धाडी दे. खोली मोकयी कर. मंग आम्ही येतस.

शीला : कोरीटला.

हेमकांत : वहिनी, मी नुसतं विचारलं होतं. काही दिवसांसाठी. आशाचं बस्तान बसेपर्यंत.

शीला : कोरीटला माझे आई-बाप राहिले नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. भावजयीच्या दारात पिशवी घेऊन उभी राहिले असते मी. आणि आता इथं तोंडावर मला मागची खोली दाखवत होतात. अंगाची आग झाली माझ्या, भाऊ. इतका वेळ मला वाटत होतं, खोलीपुरतं आहे तुमचं.

हेमकांत : माय, नव्हतं पटत तर एकदा 'नाही' म्हणायचं होतंस. सरळ. मी काय मारलं असतं तुला?

शोभाबाई : नही म्हनसू त तुन्हा फोन बंद व्हई जाई, आशी भीती वाटे माले. एक आंडोर त गया. आते तुले बी गमाडू का मी? बहिरी व्हयनू त तू परत फोन तरी करे. रागे भरे, पन करे.

हेमकांत : मला वाटायचं, तू म्हातारी होत चाललीस. गाडीत बसलो की तेच डोक्यात.

शोभाबाई : म्हतारी शेच मी. पन आते तू समोर उभा शे, त सांगी देस. नही. शीला कोठेच जावाव नही. तू ये, आशाले लई ये. घर तुन्हं शे. पन हाई खोली तिन्ही शे. तिनी कमाडेल शे.

हेमकांत : म्हणजे मी माझ्याच घरात पाहुणा.

शोभाबाई : पाहुना नही. धाकला शे तू. धाकलानी सारखा ऱ्हाय.

हेमकांत : आणि आशाला काय सांगू? हे लावलं नाही तर ती येणार नाही.

शीला : ते तुम्ही आणि आशा बघा. मला आशाशी भांडण नाही. ती आली तर तिच्या हातचा चहा पिईन मी. पण आधी त्या तारा काढा. ऊन उतरलंय, ओसरीवर दव पडेल. एक रात्र माल बाहेर राहिला तर काळा पडेल, आणि मग तो व्यापारी दारातूनच परत जाईल. पोती अंधाराच्या आत खोलीत पाहिजेत.

हेमकांत : मी एकट्यानं काढली तेव्हा पाठ धरली माझी.

शीला : मी रोज काढते-ठेवते. एका बाजूनं धरा. मी दुसऱ्या बाजूनं धरते.

हेमकांत : आणि हे सगळं मी लावू कुठं? रिसिव्हर, पाच स्पीकर, हा वूफर?

शीला : मागच्या खोलीत लावा. तिथं कोणी नाही म्हणणार नाही तुम्हाला.

हेमकांत : मागची खोली लहान पडते, वहिनी. तिथं दिवाण टाकला की माणसाला वळायला जागा नाही.

शीला : मला पुरणार होती ना.