फोन दिला नसेल तर

नवी: म्हणजे वेबसाइटच्या चाळीस पानांवर दवाखान्याचा म्हणून जो नंबर दिसतोय, तो तुमच्या घरचा आहे.

मॅडम: हो.

नवी: एका पेशंटचं पत्र आलंय, फोनवरच्या आजोबांचे आभार म्हणून. साहेब विचारतायत, हे आजोबा कोण.

मॅडम: माझे वडील. हे बघ, ‘संपर्क’ हा टॅग मी अकरा वर्षांपूर्वी लिहिला. पानात नुसता टॅग टाकायचा, सर्व्हर पान तयार करताना त्या जागी नाव-नंबर भरतो. टॅगमध्ये भरायची माहिती, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट, दोनच: विभाग आणि फोन. विभाग सक्तीचा. फोन दिला नसेल तर काहीतरी दिसायला हवं, म्हणून चाचणीपुरता घरचा टाकला.

नवी: आणि काढायचा राहिला.

मॅडम: राहिला. पानं करणाऱ्यांनी फोन कधी लिहिलाच नाही. न लिहिता चालतंय म्हटल्यावर कोण कशाला लिहितोय.

नवी: तुम्हाला कळलं कधी?

मॅडम: आठ वर्षं झाली.

नवी: आठ वर्षं. आणि तुम्ही गप्प.

मॅडम: आई गेल्यावर बाबांनी बोलणंच टाकलं होतं. चार महिने नुसतं ‘हं’ आणि ‘नको’. मग कुणीतरी फोन करून विचारलं, दाताचे डॉक्टर कधी असतात. बाबा म्हणाले, चौकशी करून सांगतो. इथवर चालत आले, दारावरची पाटी वाचली, घरी जाऊन त्या माणसाला उलटा फोन केला. रात्री जेवताना मला सगळं सांगितलं. दोनदा. तेव्हापासून दर महिन्याचं वेळापत्रक मी छापून नेते. फोनशेजारी चिकटवतात.

नवी: आणि कुणाच्या जिवावर बेतलं असतं तर?

मॅडम: तातडीच्या पानावर खरा नंबर मी त्याच दिवशी घातला. एवढी अक्कल आहे मला.

नवी: तरी मला बदलावं लागेल. फोन सक्तीचा करते. नसेल तर पान उघडणारच नाही.

मॅडम: कर. माझ्या हातून होत नव्हतं.

(आठ दिवसांनी, त्याच टेबलाशी.)

नवी: बाबा काही म्हणाले?

मॅडम: फोन बिघडलाय का बघ म्हणाले. मी म्हटलं, चालू आहे. मग म्हणाले, म्हणजे सगळ्यांचे दात बरे झाले. काल वेळापत्रक भिंतीवरून काढलं आणि घडी घालून ठेवलं.

नवी: तुम्ही सांगितलं नाहीत?

मॅडम: काय सांगू? तुमच्या पोरीने आठ वर्षं चूक जपून ठेवली होती म्हणून?

नवी: पानांवर आता ऑफिसचा नंबर आहे. मी तीनदा लावून पाहिला. कुणी उचलत नाही.

मॅडम: तो कधीच कुणी उचलत नाही.

नवी: तुमच्या घरचा मला पाठ झालाय. चाळीस पानांवर तोच पाहिलाय. थांबा, स्पीकरवर लावते.

बाबा: हॅलो. बोला.

नवी: आजोबा, दाताचे डॉक्टर कधी असतात हो?

बाबा: असतात ना, असतात. जरा धरा हं. कागद आत ठेवलाय, घेऊन येतो. तुम्ही घाईत नाही ना?

नवी: नाही. सावकाश आणा.