रघ्याला शोधायला कोण जाईल?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज सेवानिवृत्त होणाऱ्या आपल्या परिवीक्षा अधिकारी चंद्रिका मॅडम, आणि डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांतून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

निवेदकांनी मला वेवजीची ग्रामपंचायत सदस्य नवशी म्हणून पुकारलं. त्यांचा मान राखते, पण मी उभी आहे ती रघ्याची बायको म्हणून. लाजू नको रे, बस खाली.

अच्छाडला उभ्या ट्रकमधलं डिझेल चोरताना रघ्या सापडला. कोर्टाने तुरुंगात न धाडता, चांगल्या वागणुकीच्या बाँडवर, मॅडमच्या देखरेखीखाली त्याला घरी सोडलं. त्याआधी, हा पुन्हा चोरी करील का, याचा अंदाज मॅडमनी कोर्टाला द्यायचा होता. छापील फॉर्मात प्रश्न असे: लग्न झालंय? स्वतःचं घर आहे? आता आमच्यात जावई लग्नाआधीच सासऱ्याकडे राहतो, शेतात राबतो. लग्न सवडीने लागतं, कधी पोरंबाळं झाल्यावर. म्हणजे फॉर्मात रघ्या बिनलग्नाचा, बेघर, धोक्याचा. मॅडमनी फॉर्म बाजूला ठेवला आणि ओट्यावर बसून माझ्या बापाला, झिपरूबाबांना विचारलं, "हा घरी आला नाही, तर शोधायला कोण जाईल?"

"मीच जाईन ना. दुसरा कोन हाय?" बाबा म्हणाले.

आणि एकदा जावं लागलं. जुन्या साथीदारांनी बोलावलं म्हणून रघ्या अच्छाडच्या ढाब्यावर गेला होता. काही घडायच्या आत बाबांनी त्याला मनगटाला धरून आणलं, आणि स्वतः जाऊन मॅडमना सांगितलं. मॅडमनी ते कोर्टाला कळवलं. मी पोटुशी होते, फार रागावले. एवढंसं लपवता आलं नसतं का?

न्यायाधीशांनी विचारलं, "हा पुन्हा जाणार नाही कशावरून?"

मॅडम म्हणाल्या, "साहेब, जाणार नाही असं मी सांगू शकत नाही. पण गेला तर परत आणणारं माणूस घरात आहे. त्यांनीच येऊन मला हे सांगितलं."

मॅडमनी लपवलं असतं, तर या बोलण्यावर कोर्टाने विश्वास ठेवला असता का? बाँड कायम राहिला.

पुढे मुदत संपली, लग्न लागलं, आमची लेक मांडवात नाचली. गेल्या वर्षी बाबा गेले. तेव्हापासून रघ्याला उशीर झाला की मी निघते. भीती अजून वाटते, खोटं कशाला बोलू? पण आजवर दर वेळी तो मला वाटेतच भेटलाय, घराकडे येताना.

मॅडम, आमच्या ओट्यावर बसल्याबद्दल तुमचे आणि ऐकून घेतल्याबद्दल सभेचे आभार. बोलताना काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, आणि मला रजा द्या.