रिकाम्या काट्यावरचे साठ किलो

दिवाळीचा पाडवा, सकाळची वेळ, नव्या कॉम्प्युटर काट्याची रक्कम साडेपाच लाख, त्यातले चार लाख बँकेचे आन् दीड लाख घरचे, आन् हजर माणसं सांगतो, आमचे वडील अप्पा, थोरले भाऊ महादेवदादा, मी मन्मथ, पूजेला आलेले स्वामी आन् काटा बसवून देणाऱ्या कंपनीचा औरंगाबादचा इंजिनिअर. हे आधी सांगतो, कारण पुढचं ऐकून तुमी म्हणाल ह्या माणसाला आकडे नीट आठवत न्हाईत. तसं न्हाई. आकडा आठवणं हाच आमच्या घराचा धंदा हाय.

आमी मूळ धारूरचे. आजोबा तिथल्या बाजारात मापारी होते, शेतकऱ्याचं धान्य तोलून द्यायचे. त्यांचा एक दस्तूर होता, सकाळी पहिलं वजन गिऱ्हाईकाचं करायचं न्हाई. आधी घरच्या माणसानं रिकाम्या पारड्यात हात ठेवायचा, हात काढायचा, दांडी सरळ झालेली डोळ्यानं बघायची, मग पहिलं पोतं. आजोबा म्हणायचे काटा आधी घरच्याला तोलंल तरच भाईरच्याला नीट तोलंल. परळीला थर्मलचं, म्हंजे कोळशावरच्या वीज केंद्राचं काम निघालं तवा अप्पांनी धारूर सोडलं आन् रस्त्याच्या कडेला भुईकाटा टाकला, म्हंजे ट्रक उभा करून तोलायचा काटा. खड्डा, वर लोखंडी प्लेट, आन् बाजूच्या खोलीत लांब दांडी, तिच्यावर वजन सरकवत न्यायचं. आता ट्रकच्या काट्यावर नुसता हात ठेवून काय कळणार, म्हणून अप्पा रोज सकाळी स्वतःच प्लेटवर उभे ऱ्हायचे. धोतर, अनवाणी पाय, कपाळाला विभूती. मी खोलीत दांडी बघायचो आन् खिडकीतून ओरडायचो, अप्पा साठ. अप्पा उतरायचे, मी ओरडायचो, शून्य, मग पहिला ट्रक. किती वर्षं सांगू तुमाला, मी शाळेत होतो तवापासून माझ्या लग्नानंतरपर्यंत. अप्पांचं वजन कधी हललं न्हाई. काटा दहा-दहा किलोनंच दाखवायचा, त्यामुळं ते अठ्ठावन्न असतील न्हाईतर बासष्ट असतील, पण काट्याच्या हिशोबानं साठ म्हंजे साठ.

मग ती नव्वदच्या पुढची वर्षं आली. सगळं खुलं झालं म्हणायचे. थर्मलच्या राखेला कुणी इचारत नव्हतं, ती राख सिमेंटवाले मागायला लागले. एका मोठ्या सिमेंट कंपनीचं माणूस आलं आन् म्हणालं, तुमची हातानं लिहिलेली चिठ्ठी आमच्याकडं चालणार न्हाई, कॉम्प्युटरची छापील पावती पाहिजे, तारीख-वेळेसहित. परळीतले बाकीचे काटेवाले हसले, म्हणले राखेला काय पावती लागते. दादा हसला न्हाई. दादा त्याच रात्रीच्या गाडीनं औरंगाबादला गेलता, चार दिवस तिथंच ऱ्हायला, माहिती घेऊन आला. मी म्हणलं दादा, चार लाखाचं कर्ज हाय, हप्ता कुठून आणायचा. तो म्हणला मन्मथा, तू हप्ता मोज, मी ट्रक मोजतो.

तुमाला वाटंल म्हातारा आडवा आला असंल. उलटं झालं, काय सांगू. अप्पाच सगळ्यात पुढं. ते म्हणले, आत्तापर्यंत दांडी खोलीत होती, ड्रायव्हरला मन्मथच्या तोंडाकडं बघून इमान ठेवावं लागायचं. आता लाल आकडा भाईर दिसणार, सगळ्या रस्त्याला दिसणार, ह्याच्यापेक्षा खरं काय असतं. जुनी दांडी भंगारात देताना मी ती धरूनच ऱ्हायलो, तर अप्पा म्हणले लोखंड हाय बाबा ते, जाऊ दे, तोललेलं खरं ऱ्हायलं म्हंजे झालं.

कॉम्प्युटरसाठी दादानं काचेची केबिन केली, त्यात एसी बसवला, आन् आत जायचं तर चप्पल भाईर काढायची. हमाल म्हणायचे, माणसाला पंखा न्हाई आन् डब्याला थंड हवा, आता फक्त नारळ फोडायचा बाकी हाय. तो बी फोडला, पाडव्याला. स्वामींनी पूजा केली, अप्पा अनवाणी प्लेटवर चढले, आन् भाईरच्या पाटीवर लाल आकडा पेटला, साठ. इंजिनिअरनं टाळी वाजवली. अप्पा मान वर करून स्वतःचा आकडा बघत ऱ्हायले, उतरायचं विसरले. दादा म्हणला अप्पा, उतरा, ट्रक उभा हाय.

शिवरात्र झाली आन् अप्पा गेले. दुपारी जेवले, आडवे झाले, उठले न्हाईत. आमच्यात जाळत न्हाईत, बसवून माती देतात. मी स्वतः त्यांना धरून खड्ड्यात बसवलंय, म्हणून कुठं गेले ते मला पक्कं ठावं हाय.

काटा बंद होता. परत उघडला त्या सकाळी मी प्लेटजवळ चप्पल काढत होतो, आता माझी पाळी म्हणून. दादा केबिनीतून म्हणला, राहू दे मन्मथा, हे मशीन चालू होताना स्वतःलाच तपासतं, ते दांडीच्या जमान्यातलं होतं. मी चप्पल परत घातली. मशीन चालू केलं, आकडे पळाले, शून्य आलं, आन् मग रिकाम्या प्लेटवर, आमी दोघं बघत असताना, साठ.

दादानं बंद करून चालू केलं. शून्य, आन् थोडं थांबून साठ. पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणला, क्या शेठ, काट्यावर कोन झोपलंय. तसं कुणाचं नुकसान नव्हतं, भरल्या ट्रकमधून खाली ट्रक वजा करायचा, साठ दोन्हीकडं, निव्वळ वजन बरोबरच. पण रिकाम्या काट्यावर आकडा दिसला की माणूस काट्याला चोर म्हणतो, आन् सिमेंटवाल्यांच्या कानावर गेलं असतं तर काम गेलं असतं, काम गेलं की हप्ता. इंजिनिअर आला. म्हणला, इथं राख लई उडते, प्लेटखाली साठली असणार. खड्डा साफ केला, ढीगभर राख काढली. आकडा हलला न्हाई. वायरी बदलल्या, हलला न्हाई. शेवटी तो म्हणला, साहेब, कशाला डोकं लावता, आन् शून्याचं बटन दाबलं. शून्य झालं. प्लेटवर जे काय होतं ते धरूनच शून्य.

ते बटन म्हंजे काय ते सांगतो. तूप घ्यायला गेलं की दुकानदार आधी रिकाम्या डब्याचा धडा करतो, म्हंजे डब्याएवढं वजन दुसऱ्या पारड्यात टाकून डबा हिशोबातून काढून टाकतो, मग तूप तोलतो. तेच. मी जेवताना घरी सांगितलं तर आमच्या मंडळी पोळी वाढता वाढता थांबल्या. म्हणल्या, मामंजींचा धडा केला का तुमी दोघांनी. मी म्हणलं काय बी बोलू नका. त्या म्हणल्या, सकाळी घरचं कोन उभं ऱ्हातंय आता काट्यावर. मी म्हणलं कुणी न्हाई. मग उभं ऱ्हायला कुणीतरी यायलाच पाहिजे की, म्हणल्या, आन् पुढची पोळी वाढली. मी ती खाल्ली न्हाई.

वर्षाचं स्टँपिंग आलं. सरकारी वजनमापाचे साहेब येतात, खरी वजनं ठेवून काटा तपासतात, शिक्का मारतात. शिक्का न्हाई तर पावती चालत न्हाई. साहेब खुर्ची टाकून पाटीसमोर बसले, पाटीवर शून्य. दादानं घाम पुसला. चार हमाल वजनं मांडायच्या आधी प्लेट झाडायला वर चढले, आकडा वाढला, तो वाढणारच. साहेब ओरडले, उतरा रे सगळे खाली, काट्यावर एक माणूस नको मला. हमाल पटापट उतरले. आन् पाटीवर आलं, शून्य न्हाई, वजा साठ.

आकडे मला कळतात, मी तिथंच हिशोब केला. चढले चौघं आन् उतरले पाच. अप्पा सरकारी माणसाचा शब्द कधी मोडत नव्हते. साहेबांनी हमालांना इचारलं, कोन उतरलं बे आत्ता. एक जण म्हणला, साहेब, आमी चौघंच होतो की. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. वजा साठ.

साहेब म्हणले, महादेवराव, हा काटा मी पास करू शकत न्हाई.

तवा दादा उठला. केबिनीच्या दाराशी चपला काढल्या, उन्हानं तापलेल्या प्लेटवर अनवाणी जाऊन उभा ऱ्हायला. दादा ऐंशी किलोचा. पाटीवर आलं वीस. ऐंशीतून साठ गेले वीस, हिशोब चोख. आन् मग दादा, ज्यानं सगळ्या परळीत पहिला कॉम्प्युटर आणला तो माणूस, समोरच्या राखेनं भरलेल्या मोकळ्या जागेकडं बघून हळूच म्हणला, अप्पा, या. मी उभा ऱ्हातो आता रोज. तुमी या.

रस्त्यावर एक ट्रक गेला, त्याची धूळ बसली. पाटीवर आकडा हलला, वीसचे ऐंशी झाले.

दादा उतरला. शून्य.

साहेबांनी वजनं मांडायला लावली, काढायला लावली, परत मांडायला लावली. किलोचा फरक आला न्हाई. शिक्का मारला, फीची पावती फाडली, चहा घेतला न्हाई. जीपमध्ये बसताना मला म्हणले, घरातलं कोन गेलंय का एवढ्यात. मी म्हणलं वडील. ते म्हणले काट्यावर माणूस ठेवणं कायद्यात बसत न्हाई, आन् ड्रायव्हरला चल म्हणले. पुढच्या वर्षांना ते आले, पण उतरा म्हणून परत ओरडले न्हाईत.

दुसऱ्या दिवसापासून दादा रोज सकाळी प्लेटवर. ऐंशी, शून्य, मग पहिला ट्रक. धंदा चालला, बँकेचं कर्ज फिटलं. कधी कधी संध्याकाळी वाऱ्यानं राख उडायची आन् प्लेटवर बसायची, तवा प्लेटच्या मधोमध एक जागा साफ ऱ्हायची. ती मी मोजली न्हाई, म्हणून तिच्याबद्दल जास्ती बोलत न्हाई.

मग लांबलचक ट्रेलर आले, आमच्या प्लेटवर त्यांची मागची चाकं मावायची न्हाईत. समोर एका पोरानं दुप्पट मोठा काटा टाकला, दोन कॉम्प्युटर, सगळं नवं. आमचे ट्रक निम्मे झाले. मी आकडे दादापुढं मांडले, म्हणलं आपण बी मोठा काटा टाकू, असंच चाललं तर दिवाळी बघायचा न्हाई हा काटा. आन् दादा नको म्हणला. जो माणूस एका चिठ्ठीपायी औरंगाबादला जाऊन बसलता, तो नको म्हणला. म्हणला, प्लेट काढली तर अप्पा कुठं जातील. ह्याचा आकडा माझ्याकडं नव्हता. सहा महिने आमी त्याच्यावरच भांडलो, एका ताटावर बसून बोललो न्हाई. शेवटी मी त्याला अप्पांचंच बोलणं आठवून दिलं, लोखंड हाय बाबा ते, जाऊ दे, तोललेलं खरं ऱ्हायलं म्हंजे झालं. दादानं भाईर जाऊन प्लेटवर हात ठेवला, काढला. मग म्हणला, बोलाव रशीदभाईला.

रशीदभाई भंगारवाला, जुना माणूस, अप्पांची दांडी बी त्यानंच नेलती. त्यानं गॅसनं प्लेट कापली, ट्रकात भरली, आन् तोलायला आमचा काटा उरला नव्हता म्हणून ट्रक समोरच्या काट्यावर नेला. खरेदीच्या बिलावर प्लेट आन् तिच्याखालचं लोखंड मिळून नऊ हजार दोनशे किलो होतं. एवढ्या वर्षांत झिजून कमीच भरायला पाहिजे. रिकामा ट्रक वजा जाता भरलं नऊ हजार दोनशे साठ. मी समोरच्या पोराला म्हणलं, ट्रक उतरव, शून्य बघ, परत चढव. तेवढंच. दादानं पावती बघितली, घडी घातली, खिशात ठेवली. ट्रक जालन्याच्या रस्त्याला लागला, तिथं भट्टीत वितळवतात सगळं. दादा रस्त्यावर उभा ऱ्हायला, धूळ खाली बसंपर्यंत.

नवा काटा लागला, ह्या खेपेला बी पूजा झाली. दादा अनवाणी उभा ऱ्हायला. तोवर तो वाळलाता, सत्तर भरला. वाट बघत ऱ्हायला, चहा गार झाला. सत्तरच. अप्पा, या, असं तो म्हणला का न्हाई, मला ऐकू आलं न्हाई. आता दादाचे गुडघे गेलेत, मीच उभा ऱ्हातो सकाळी. हा काटा पाच-पाच किलोनं दाखवतो, पोरं मोबाईलवर आकडा बघतात आन् म्हणतात बाबा, पासष्ट हाय, उतरा. माझं वजन तेवढंच हाय, म्हंजे माझ्यासोबत कुणी न्हाई. बरं वाटतं आन् वाटत बी न्हाई. पोरांना एकच सांगून ठेवलंय, मी गेल्यावर सकाळी कुणीतरी उभं ऱ्हात जा रे, मला यायला लावू नका.

ऱ्हायला तो हिशोब. भाव दहा रुपये किलो ठरलाता, रशीदभाईनं ब्याण्णव हजार सहाशे रोख दिले. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानी गेलो आन् सहाशे रुपये त्याच्या हातावर ठेवले. तो म्हणला, शेठ, कावून, वजन चुकलं का. मी म्हणलं वजन बरोबर होतं, पण त्यातलं साठ किलो लोखंड नव्हतं. रशीदभाईनं पैसे मोजून घेतले. ब्याण्णव हजार आमी ठेवले. सहाशे परत, रशीदभाईला, रोख.