उन्हाची हरकत

इफ्रा : अव्वा, ते गाठोडं आधी खाली ठेव. आपण पवनचक्कीवर हरकत घ्यायला चाललोय, कुणाच्या बारशाला नाही.

गंगम्मा : गाठोडं कुटं हाय त्ये? कडक भाकरी हायत्या, अन् वाईच शेंगाची चटनी. सभेला रिकाम्या हातानं जायाचं व्हय?

आसिफ : इफ्रा, जरा सरक बेटा. तुझा गुडघा गियरला लागतोय. अव्वा, भाकरी किसके लिए? मेरे लिए आणली असेल तर गाडी आत्ताच बाजूला घेतो.

गंगम्मा : तुला घरी घालते की. ही त्या कंपनीच्या साहेबाला. सुबोध साहेब. माळावर मोजमाप कराया आलता तवा आमच्या अंगनात बसून लई आवडीनं खाल्ली त्यानं.

इफ्रा : ऐकलंस ना मामू? ज्याच्या समोर उभं राहून भांडायचं, त्याच्यासाठीच डबा.

गंगम्मा : भांडायला कोन चाललंय? पंखा नगं असं मी कवा म्हनले? माज्या घराच्या मावळतीला नगं, येवढंच. माळ काय थोडा हाय? तिकडं सरकवा म्हनायचं.

इफ्रा : हेच. अगदी हेच सभेत म्हणायचं. चल, सभेला वळसंगला पोचायच्या आत पुन्हा एकदा तालीम. मामू, तू साहेब हो.

आसिफ : मैं साहेब? मग टेम्पो कोण चालवणार?

इफ्रा : साहेब स्वतःच चालवतायत असं समज. विचार पटकन.

आसिफ : हां. तर गंगम्माबाई, आमच्या प्रकल्पाबद्दल आपली काय हरकत आहे?

गंगम्मा : काय न्हाय साहेब, समदं बरं हाय. जेवलासा का?

इफ्रा : अव्वा.

गंगम्मा : आगं, तोंडात तेच येतंय माज्या.

इफ्रा : त्या दिवशीही तेच आलं होतं. साहेब म्हणाले, इथं समोर माळावर चक्की उभी राहील. तू म्हणालीस, बरं. थोडा आवाज येईल. बरं. पात्यांची सावली पडेल. बरं, अजून एक भाकरी घ्या. आता त्यांच्या नकाशात तुझं घर हिरव्या रंगात आहे, आणि हिरवं म्हणजे हरकत नाही.

गंगम्मा : त्यो जेवत हुता की. जेवत्या मानसाला कुनी न्हाय म्हनतंय का? घास अडकला आसता त्याचा.

आसिफ : हौ, बात तो सही है. पाहुण्याच्या घशात घास आणि आपल्या तोंडात नाही, हे बरं दिसत नाही.

इफ्रा : मामू, तू नक्की कुणाच्या बाजूनं आहेस?

आसिफ : मैं तो साहेब है ना अभी. तूच केलं मेरेको.

इफ्रा : बरं, नाही म्हणायचं नंतर बघू. कारण तरी सांग. चक्की का सरकवायची?

गंगम्मा : मला ऊन पायजे. सांजचं ऊन. माळावरनं सरळ आमच्या अंगनात येतंय त्ये.

आसिफ : या अल्ला. सोलापूरमे ऊन कमी पडलं?

इफ्रा : तेच म्हणते मी. अख्खा जिल्हा उन्हाला शिव्या घालतो, आणि तू भर सभेत उठून ऊन मागणार. लोक खुर्च्यांवरून पडतील हसून.

गंगम्मा : पडू देत. उठून बसतील परत.

इफ्रा : मी तुला भारी कारण देते. माळढोक. म्हण, आमच्या माळावर माळढोक पक्षी येतो.

गंगम्मा : त्यो मी कवा बघिटला न्हाय.

इफ्रा : आमच्या वर्गातही कुणी बघितलेला नाही, पण शाळेच्या भिंतीवर रंगवलाय. माळढोक म्हटलं की अधिकारी लगेच पेन काढतात.

गंगम्मा : खोटं बोलायचं, अन् वर त्यालाच भाकरी द्यायची? कोरडी लागंल की त्याला.

इफ्रा : ठीक आहे, तू नको बोलू. मी बोलते. मी काय पवनचक्कीच्या विरोधात नाही, उलट जीव आहे माझा तिच्यावर. विज्ञान प्रदर्शनात पुठ्ठ्याची केली होती मी, खरीखुरी फिरणारी.

आसिफ : टेबलफॅन लावला तेव्हा फिरली. बिजली खाऊन बिजली बनवणारी चक्की. मी स्वतः उचलून नेली होती, मेरेको सब मालूम.

इफ्रा : हॉलमध्ये वारा नव्हता, त्यात माझा काय दोष? आणि तुला माहितीय का, बाहेरच्या देशांत तर समुद्रात उभ्या करतात चक्क्या. रांगाच्या रांगा.

आसिफ : मग आपल्या पण समुद्रात लावा ना.

इफ्रा : सोलापूरला समुद्र कुठला मामू?

आसिफ : उजनी है ना.

गंगम्मा : समुद्रात लावत्यात? अन् मग तितं हरकत कोन घेतंय, मासं?

इफ्रा : मासेमार घेतात. तिथंही अशाच सभा होतात. जाळी कुठं टाकायची, बोटी कुठून न्यायच्या, सगळं विचारतात आधी.

गंगम्मा : त्येंच्यातली बी एकादी म्हातारी सायबाला मासं तळून नेत आसंल बघ.

आसिफ : देखा? जगभर हेच चालू आहे.

गंगम्मा : ह्ये बघ आसिफ, सभा कवा बी संपू दे, दिवेलागनीच्या आत मला घरी सोड. म्हातारं एकलं हाय.

इफ्रा : अज्जांची काळजी नको करू. ओट्यावर बसून हुकूम सोडत असतील. "गंगे, दिवस बुडाला, दिवा लाव." भिंतीपलीकडून रोज ऐकते मी. डोळ्यांनी दिसत नाही, तरी वेळ चुकत नाही. बटण तर हाताशी असतं, पण स्वतः दाबतील तर शप्पथ.

गंगम्मा : आसू दे.

आसिफ : अव्वा, घरात रोज हुकूम ऐकणारी बाई, आज साहेबाला नाही म्हणणार. मला तर बघायचंच आहे.

गंगम्मा : तू गाडी बघ. मगापास्नं एका अंगाला वडतीया ती.

(सभा संपली आहे. परतीचा रस्ता, दिवस कलला आहे.)

आसिफ : कोई तो बोलो. तिकडं टायर बसला आणि पूरी सभा मी पंक्चरवाल्याच्या दुकानात बसून काढली. जाताना टेम्पोत तुमच्या बडबडीत मेरेको तोंड घालायला जागा नव्हती. आता इफ्रा गप्प? बुखार तो नही ना?

इफ्रा : अव्वाला विचार.

गंगम्मा : हिलाच इचार. पयलं हीच बोलली. काय बोलली गं तू, लई झ्याक बोलली.

इफ्रा : काय नाही. माईक घेतला. मी पर्यावरण म्हणाले, समतोल म्हणाले, माळढोक म्हणाले. टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, व्वा, अशी मुलगी प्रत्येक गावात हवी. आणि मग त्यांनी पुढचं चित्र लावलं पडद्यावर. अव्वाचं घर होतं तसंच. हिरवंगार.

आसिफ : फिर?

इफ्रा : फिर काय, अव्वा उठली. गाठोडं घेऊन थेट स्टेजवर. सगळ्यांना वाटलं सत्कार आहे. साहेबांनी हात जोडले. फोटोवाला वाकून उभा राहिला. सरपंच म्हणाले, टाळ्या वाजवा.

आसिफ : और वाजवल्या?

इफ्रा : वाजवल्या की. मी डोक्याला हात लावून बसले. आणि अव्वा माईकमध्ये म्हणते, "साहेब, ही भाकरी घ्या, पर येवढ्यात खाऊ नगा. तुमी खायला लागलासा की मला न्हाय म्हनता यायचं न्हाय."

आसिफ : वा रे मेरी अव्वा.

गंगम्मा : खरं तेच सांगितलं की.

इफ्रा : साहेबांनी हातातलं गाठोडं तसंच धरून ठेवलं. मग हिनं विचारलं, "त्या दिशी तुमी अंगनात नकाशा पसरून हुबा हुतासा, तवा आमचं म्हातारं काय म्हनलं, ध्यानात हाय?" साहेब हसले. म्हणाले, हो, चांगलं ऊन होतं आणि आजोबा म्हणाले, गंगे, दिवा लाव. अख्खा हॉल हसला. मीसुद्धा हसले, मामू.

गंगम्मा : हसन्यासारकंच हाय त्ये.

इफ्रा : पुढचं तू सांग. मला नाही तसं सांगता येणार.

गंगम्मा : त्यात काय सांगायचं? म्हनले, साहेब, त्येंना मानूस दिसत न्हाय, ताटातली भाकरी दिसत न्हाय, मी बी दिसत न्हाय. मावळतीचा तेवढा उजेड कळतोय. त्यो गेला की म्हनत्यात, दिवा लाव. मग मी लावते. घरातलं तेवढं येकच काम ऱ्हायलंय त्येंच्याकडं. आता तुमचा पंखा मावळतीला फिराया लागला की ऊन यील, जाईल, यील, जाईल. म्हातारं येका सांजंत शंभरदा दिवा लाव म्हनंल. मी किती लावू?

इफ्रा : मग कुणी हसलं नाही.

आसिफ : साहेब क्या बोले?

इफ्रा : म्हणाले, म्हणजे त्या दिवशी मी त्यांच्या उन्हात उभा होतो. येत्या सोमवारी संध्याकाळी येतो म्हणालेत. अज्जांच्या शेजारी ओट्यावर बसणार, सावली कुठवर येईल ते बघणार, मग जागा ठरवणार. वचन देत नाही म्हणाले. पण हिरवा रंग पुसला. माझ्यासमोर पुसायला लावला मी.

गंगम्मा : वचन देत न्हाय म्हनला त्ये बरं केलं त्यानं. उगं माळढोक न्हाय दाखवला.

आसिफ : इफ्रा, तुझ्यावर आलं हे.

इफ्रा : कळलं. आणि भाकरीचं विचार ना. हरकत लिहून झाल्यावर तिथंच स्टेजवर फोडली त्यांनी. चटणी परत मागितली.

गंगम्मा : सोमवारी करते की ताजी.

इफ्रा : म्हणजे सोमवारी परत जेवायला घालणार? आणि जेवताना त्यांनी विचारलं, इथंच राहू दे का चक्की, तर?

गंगम्मा : तू बस की माज्या शेजारी. मी वाढते, तू न्हाय म्हन. तुला काय, घास अडकवायची भीती न्हाय.

आसिफ : बराबर. दोघी मिळून एक पूरी बाई होते.

इफ्रा : अव्वा, तू आधी का नाही सांगितलंस मला? मी रोज गच्चीवरून अज्जांची नक्कल करते. "गंगे, दिवा लाव."

गंगम्मा : करत जा. त्येंना आवडतंय. म्हनत्यात, पोरगी माज्यापरीस मोटा आवाज काढती.

आसिफ : चला, आलं घर. इथंच थांबवतो, दारातच. उतरा आरामात.

इफ्रा : अज्जा ओट्यावरच आहेत बघ. ऐकू आलं? म्हणतायत, "गंगे, आलीस व्हय? दिवस बुडाला, दिवा लाव."

आसिफ : अब्बी कहां बुडाला? माळावर एवढा मोठा सूरज है अजून. आज पहिल्यांदा चुकले अज्जा.

गंगम्मा : चुकलं न्हाईत. आसिफ, टेम्पो वाईच म्हागं घे बाबा. त्येंच्या उन्हात हुबा हायेस.