तीनशे पंधरा नंबरचे तिकीट तेक्लाच्या टेबलावर कसे आले

मी आन्सेल्मो बेरोकाल, वय ५८ वर्षे, धंदा लॉटरीची तिकिटे विकणे, जन्मापासून दोन्ही डोळ्यांनी अंध, राहणार मासळीबाजारामागील गल्ली, कादिस. आज ता. ९ फेब्रुवारी १९७१ रोजी ठाण्यात बोलावून विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

यादवी युद्ध संपल्यावर आमच्या अंधांच्या संघटनेने मला बाजाराचा कोपरा आणि तिकिटे दिली. त्याआधी मी चर्चच्या पायरीवर गिटार खाजवून भीक मागत होतो. तिकिटे छातीला टाचली त्या दिवसापासून मला कोणी भिकारी म्हटले नाही. याचा इथे काय संबंध, असे साहेब विचारतात. संबंध आहे, लिहून घ्या.

सोडत रोज असते. नेहमीच्या गिऱ्हाइकाचा नंबर ठरलेला असतो आणि तो आम्ही बाजूला काढून ठेवतो. मयत तेक्ला मोरेनो, कपड्यांना इस्त्री करणारी, हिचा नंबर ३१५. वीस वर्षे ती रोज गुपचूप समोर येऊन उभी राहायची. मी म्हणायचो, "ये म्हातारे, कांजीचा वास आधी आला, तू मागून." ती म्हणायची, "मेल्या, नाक आहे की काय आहे?" आमचा हा रोजचा खेळ होता. एकदाही ती जिंकली नाही.

शुक्रवारी ता. ५ रोजी ती आली नाही. दुपारी चारच्या सुमारास मी तिकीट घेऊन तिच्या खोलीवर गेलो. दार नुसते लोटलेले होते. हाक मारली, ओ आली नाही. कांजीचा वास होता. खालच्या बाजूने श्वास ऐकू आला. मला वाटले, टेबलाआड दडून बसली आहे. मी म्हणालो, "पुरे कर नाटक, तेक्ला. ओळखलं." थोडा वेळ उभा राहिलो. ती हसेल असे वाटले होते. मग तिकीट टेबलावर ठेवले, "बरं बाई, आज तू जिंकलीस" म्हणालो आणि हसत निघालो. म्हणून मदत बोलावली नाही.

रविवारी शेजारणीला ती मृतावस्थेत दिसली. डॉक्टर म्हणतात, पक्षाघाताच्या झटक्याने वाचा गेली होती, पण शनिवार सकाळपर्यंत ती शुद्धीवर असावी. म्हणजे माझे बोलणे तिने ऐकले.

हे शेवटचे वाक्य घालू नका, असे मी हवालदारांना म्हटले होते. जबाब मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा त्यात ते ऐकू आले. राहू द्या. सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. अंगठा कुठे लावायचा तेवढे दाखवा.